दार आपटणारी बाई

"डोळे मिटा, मावशी," मेकअपवाली म्हणाली आणि तिने समोरच्या सुरकुतलेल्या कपाळावर पफ फिरवला.

"मिटते गं. पण आहे त्यापेक्षा म्हातारी करू नकोस. तेवढं देवानं केलंय."

मालिका एड्सच्या सुरुवातीच्या काळातल्या एका गल्लीवर होती. शेजारपाजाऱ्यांच्या भूमिकांसाठी त्याच गल्लीतली माणसं आणली होती. इस्त्रीवाल्या मावशींच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं. आजारी पोरगा पाणी मागायला येतो. शेजारीण "पुढे जा" म्हणते आणि दार आपटते.

मेकअपवाली त्याच गल्लीत वाढली होती. तिचा मोठा भाऊ तिथल्याच वरच्या खोलीत याच आजाराने वारला. सख्खी आत्या नाकाला रुमाल लावून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथूनच परतली. आई थकून गेली, तेव्हा खालच्या मावशी रोज वर येऊन चादरी घेऊन जायच्या. उकळून, इस्त्री करून आणून द्यायच्या. त्यांची गिऱ्हाइकं तुटली, पण त्यांनी कोणाला बोल लावला नाही. भाऊ गेल्यावर घरच्यांनी कोणाला तोंड न दाखवता बिऱ्हाड हलवलं. आभार मानायचे राहूनच गेले. आज ते ओठांवर आले होते. पण मावशींनी ओळखलंच नसेल, तर सुरुवात कुठून करायची?

तेवढ्यात शॉटची हाक आली.

पहिल्या खेपेस मावशींनी दार अलगद लोटलं.

"मावशी, आत काय बाळ निजलंय?" दिग्दर्शकाने हात जोडले. "आपटा!"

दुसऱ्या खेपेस दार आपटलं आणि पाठोपाठ आतून आवाज आला, "अरे, जेवलास तरी का?" सगळा सेट हसला.

"तुम्ही दुष्ट बाई आहात, मावशी!"

"आहे रे बाबा. सवय नाही ना."

"जमत नसेल तर दुसरी बाई घेतो."

"घे की. पण तिलाही आपटावंच लागेल ना? त्यापेक्षा मीच आपटते."

तिसऱ्या खेपेस चौकट हादरली. दिग्दर्शकाने शॉट मंजूर केला न केला तोच मावशी दार उघडून बाहेर आल्या आणि त्यांनी आजारी पोरगा झालेल्या नटाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"राग मानू नकोस रे लेकरा."

कपाळ, गाल, सगळं त्यांनी तळव्यांनी पुसलं. सकाळपासून रंगवलेले डाग आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं मावशींच्या हाताला आली.

रंगवलेल्या चेहऱ्याला कोणी बोट लावलं की मेकअपवाली कशी अंगावर येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती मात्र कापूस आणि तेल घेऊन आली, मावशींना बाकावर बसवून त्यांचं एकेक बोट पुसू लागली.

"तुझं काम वाढवलं गं."

"वाढू दे."

मावशी हातांकडे बघत म्हणाल्या, "तुझ्या दादाचं कपाळ फार तापायचं."

कापूस थांबला. "ओळखलंत?"

"खुर्चीत बसले तेव्हाच. तू बोलली नाहीस, मग मी कशाला खपली काढू? आई आहे ना?"

"आहे. चादरीची घडी घालताना दरवेळी तुमचं नाव घेते."

"अजून वाकडीच घालत असेल."

मेकअपवाली हसली, मग तिला हुंदका आवरेना.

"चला, पुढच्या शॉटसाठी त्याचा चेहरा परत रंगवायचाय!" दिग्दर्शक ओरडला.

"थांबा जरा," ती म्हणाली. तिच्यासाठी सेट आजवर कधी थांबला नव्हता. मावशींचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते. तिने कापूस खाली ठेवला आणि ते दोन्ही हात तसेच धरून ठेवले.