लाल केसांचा पायगुण

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या आमच्या छोट्या दूरचित्रवाणी केंद्रात मी एक वर्ष पडद्यावर होतो. दर गुरुवारी दहा मिनिटं मुलांना शिकवायचो: भरती का येते, हेरिंग मासे थव्यानं का पोहतात. शाळेत शिकवताना खिडकीबाहेर बघणारी मुलं मला दिसायची. इथं ती दिसत नव्हती, त्यामुळे सगळीच ऐकतात असं मी धरून चाललो होतो.

चित्र तेव्हा कृष्णधवल. माझे केस गाजरासारखे लाल, पण पडद्यावर काळेभोर दिसायचे. 'काळ्या केसांच्या देखण्या मास्तरांना' अशी पत्रं येऊ लागली. एरवी कुणाचीही चूक मी झोपेतसुद्धा दुरुस्त करतो. ही मात्र राहू दिली.

नोव्हेंबरात आमची निर्माती मर्डिना गेलट्ली म्हणाली, "पर्डी सर, वरचे साहेब तुमचे गुरुवार बंद करायला निघालेत. मी त्यांना सांगितलंय, वर्षअखेरच्या कार्यक्रमात पहिलं पाऊल सर टाकतील. लोकांना आवडलं तर गुरुवार राहतील."

आमच्याकडे नव्या वर्षात उंबरा पहिल्यांदा ओलांडणारा माणूस उंच आणि काळ्या केसांचा लागतो. हातात कोळसा, खिशात व्हिस्की. त्याच्या पायगुणानं घराला वर्ष चांगलं जातं. आठवडाभर मी आरशासमोर कोळसा धरायचा सराव केला. आरसा रंगीत आहे हे ध्यानातच आलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला, भर दुपारी, आम्ही नवं वर्ष चित्रित करायला घेतलं. रंगीत कॅमेरे प्रथमच आले होते, तेही उसने. संध्याकाळी परत जायचे होते. घराची मालकीण झाल्या होत्या गायिका बीटीबाई, बकी बंदरातल्या मासेमारांच्या घरातल्या. कागदी बर्फातून चालत जाऊन मी दार ठोठावलं. बाईंनी दार उघडलं, माझ्या डोक्याकडे बघितलं आणि धाडकन लावून घेतलं.

"अहो बाई, हे नाटक आहे!" मर्डिना ओरडली.

"नाटक तुमचं. माझे मुलगे बोटीवर आहेत ते खरे," बाई आतून म्हणाल्या. "लाल डोक्याचा पहिला पाय म्हणजे अपशकुन, मी घ्यायची नाही."

मी मर्डिनाकडे वळलो. "तुला माझे केस दिसले नव्हते?"

"मी वर्षभर वरच्या खोलीत बसून तुम्हाला पडद्यावरच बघते! आणि तुम्ही, सर? रोज भांग कुणाचा पाडता?"

रंगभूषेची एफी काळा रंग घेऊन धावली. "थांबा, आत्ता कावळा करते तुमचा."

"रंगवा खुशाल," दारामागून आवाज आला. "मी बघायचं ते बघितलंय."

माझे गुरुवार त्या दाराबाहेर उभे होते. मी आजूबाजूला पाहिलं. कॅमेऱ्यामागे लॅकी मॅकफेल होता, स्काय बेटावरचा. उंच, काळे केस. वर्षभरात माझ्याशी 'जरा सरका' यापलीकडे बोलला नव्हता. मी कोळसा त्याच्या हातात ठेवला.

"मास्तर, मला बोलता येत नाही हो!"

"असं म्हणणारा दरवर्षी वर्गात एक असतोच. श्वास घे. गावी शेजारणीच्या दारात काय म्हणतोस?"

त्यानं पुटपुटून दाखवलं. मी पुन्हा म्हणायला लावलं, मग जरा मोठ्यानं. त्याचा कॅमेरा दुसऱ्यानं धरला. दार उघडलं. लॅकी कानापर्यंत लाल झाला, पण बोलला: "नवं वर्ष सुखाचं जावो, काकू. चुलीला थोडा कोळसा आणलाय."

बीटीबाईंनी त्याला मिठीच मारली. मग अशा गायल्या, की एफीचे डोळे भरून आले.

जानेवारीत पत्रांचा ढीग आला. गुरुवार राहिले. साहेबांनी फक्त मास्तर बदलला.

"लिहायचं मात्र तुम्हीच," मर्डिना हळूच म्हणाली. "लॅकीला शिकवायचंही तुम्हीच."

शनिवार-रविवार मी रुसून काढले. बायकोनं विचारलंसुद्धा नाही, तेव्हा सोमवारी पफिन पक्ष्यांवर धडा लिहायला बसलो.

पहिल्या गुरुवारी मी कॅमेऱ्याशेजारी उभा होतो. पफिनच्या चोचीशी येऊन लॅकी अडला. मी ओठांनी शब्द सुचवायला लागलो.

"सर, ओठ मिटा," मर्डिना कुजबुजली. "त्याला शोधू दे."

मी मिटले. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नव्हतं. लॅकीनं छताकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि मुलांना म्हणाला, "त्याची चोच म्हणजे ना, रंगाच्या डब्यात बुडवून काढलेली."

मी लिहिलं होतं, 'बहुवर्णी'.