कमळवहिनींची बाटली

"भावजी, रंग बगा बरं. तुमच्या बाटलीतला असाच असतो ना?"

कमळवहिनींनी बाटली उन्हात धरली. शेजारच्या सदाची ही बायको. छातीतल्या कॅन्सरच्या गाठीसाठी मुंबईला केमोची सलाईन घ्यायला जायची. बाटलीतलं काळपट हिरवं पाणी दयारामने वाकून बघितलं.

"हे काय, वैनी?"

"शेवाळ. खडकावरून आणते, उकळते, गाळते नि पिते. मुंबईला जायचं बंद केलंय."

दयाराम कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई. ओहोटीला खडकांवरचं शेवाळ काढायचं, धुवायचं, सावलीत वाळवून तिथल्या प्राध्यापक मॅडमना दळून द्यायचं. मॅडम त्याचा अर्क काढत. एकदा त्या अर्काने काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या आणि मॅडमनी पेढे वाटले. "ही नुसती सुरुवात आहे हं," असंही त्या म्हणाल्या होत्या. पण जन्मभर काचा धुतलेल्या माणसाच्या लक्षात पेढा तेवढा राहिला. गणपतीत भजन आटोपल्यावर सदाच्या ओटीवर तो छाती फुगवून बोलला होता, "कॅन्सरवर औषध सापडलं. आमीच काढलं!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. आत चहा गाळणारी सदाची बायको ऐकत होती, याचं त्याला भानही नव्हतं.

"वैनी, ते औषध न्हाय," तो खाली बघत म्हणाला. "बशीत चाललं, माणसाला अजून कुणी दिलेलंच न्हाय. मी फुशारकी मारली."

लाजेने त्याची कानशिलं तापली. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पण माज्या उलट्या थांबल्या," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, गुण आला."

"सलाईन बंद केली म्हणून थांबल्या, वैनी."

हेही त्यालाच सांगावं लागलं. तिने बाटली उन्हातून खाली घेतली.

"उद्या जाऊ मुंबईला. मी येतो संगती. सदाला मीच सांगतो, चूक माजी."

"नको. ह्यांचा तुमच्यावर लई भरवसा हाय. मी सांगेन, माज्याच डोक्यातलं खूळ."

त्याला मान वर करवेना. तिने बाटली माडाच्या बुंध्याशी रिकामी केली. मग तांब्यातलं पाणी घालून ती विसळली आणि तेही माडालाच घातलं, थेंबही वाया न घालवता.