शेवटच्या कडव्यातलं नाव

"वही घराभाईर जायच्या आदी माझं नाव खोड. तितं साळूचं घाल. पर आत्ता नगं, माझ्या डोळ्यांदेखत नगं. मी गेल्यावर खोड."

मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, हा आवाज अजून माझ्या कानात आहे. गेल्या वर्षी फाल्गुनात, दुपारी, मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होते तेव्हा ते हे बोलले. मी वाटी खाली ठेवली आणि वृंदावनातल्या तुळशीकडं हात करून म्हणाले, "होय, मामंजी." चौथ्या दिवशी ते गेले.

शाहीर रंगनाथ म्हटलं की आमच्या तिसगावच्या पंचक्रोशीत कुणाला पुढं सांगावं लागत नाही. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी गावोगाव गाणी म्हटली आणि त्यापायी अकरा महिने तुरुंगात काढले. त्यांच्या गाण्यांतलं सगळ्यांत गाजलेलं म्हणजे खुरप्याचं गाणं. अजून लग्नघरी बायका ते म्हणतात. शेवटच्या कडव्यात, रीतच आहे तशी, रचणाऱ्याचं नाव येतं: 'रंगनाथ म्हणे, राबत्या हाती येईल उद्या राज.'

ते गाणं मामंजींचं नव्हतं. आमच्या रानात खुरपायला येणाऱ्या साळूमावशींनी ते खुरपता खुरपता रचलं होतं. त्यांना लिहिता येत नव्हतं, मामंजींनी ते वहीत उतरवलं आणि शेवटी 'साळू म्हणे' ठेवूनच सभांतून म्हटलं. मग पोलीस पाटलाकडं विचारणा आली, ही साळू कोण म्हणून. मावशींच्या ओटीत तेव्हा तीन महिन्यांची लेक होती. मामंजींनी रातोरात 'साळू' काढून 'रंगनाथ' घातलं आणि आठ दिवसांत स्वतः धरले गेले. हे त्यांनी माझ्यापाशी सांगितलं, ते रडत सांगितलं. "तवा ते बराबर हुतं, पोरी. पर साहेब गेला, राज आलं, तरी म्या न्हाई बदललं. लोक हार घालाय लागले हुते."

वही माझ्याकडं होती, पेनही होतं. सातवीपर्यंत शिकलेली मी, एक नाव खोडायला किती वेळ लागतो? पण म्हटलं, दिवस होऊ देत. मग म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. मामंजींच्या त्या तिरक्या अक्षरावर रेघ मारायला हात धजेना, हे खरं.

यंदा स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होतात. आषाढी एकादशी झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेब आले. ते आमच्या गावच्या शाळेचे जुने हेडमास्तर, आणि शाहिरांचा स्मरणग्रंथ काढणाऱ्या समितीचे अध्यक्ष. मी देवापुढं वाती करत होते. चातुर्मासात सकाळी उठल्यापासून पूजा आणि पोथी होईपर्यंत मी मौन पाळते. माहेरी असल्यापासूनचा नेम आहे, एकदाही मोडलेला नव्हता.

"सूनबाई, शाहिरांची वही न्यायला आलोय," आबासाहेब दारातूनच म्हणाले. "पंधरा ऑगस्टाला ग्रंथ निघतोय. खुरप्याचं गाणं अगदी शेवटी, मानाच्या जागी घालणार आहे. तुमची काही हरकत?"

मी वर पाहिलं. बोलले नाही.

"तिचं मौन असतंय सकाळचं," माझे मालक हसून म्हणाले. "ती काय हरकत घेतीय? तिच्याच हातानं कापडात बांधून ठिवलीया."

"अहो गहिनीनाथ, अशी बायको मिळायला भाग्य लागतं. आमच्या घरी मौन फक्त मी पाळतो."

दोघं हसले. यांनी कोनाड्यातली वही काढून त्यांच्या हातात दिली. माझ्या बोटांतली वात पिळली जात जात दोरीसारखी ताठ झाली. समोर पाटी होती, मुलाची खडूसकट. हात मोकळे होते. नेम बोलण्याचा होता, लिहिण्याचा नव्हता. तरी मी उठले नाही. आबासाहेबांच्या सायकलची घंटा वाजत गल्लीबाहेर गेली आणि मी पोथी उघडली. त्या दिवशी काय वाचलं ते मला आठवत नाही.

पोथी झाल्यावर यांना सगळं सांगितलं. हे गोठ्यात बैलाला पाणी दाखवत होते. बादली तशीच धरून उभे राहिले.

"बाप माझा तुरुंगात गेला," हे म्हणाले. "साळू गेल्ती का? पाठीवरचे वळ कुणी सोसले? नाव त्याचं हाय तर हाय. मेलेल्या मान्साच्या अंगावरचा हार काढतीस व्हय तू?"

"त्यांनीच काढायला सांगितला होता."

"मला न्हाई सांगितला!"

त्यात यांचं दुःख होतं. बापानं शेवटचं बोलणं मुलाला सोडून सुनेपाशी केलं, ते यांना लागलं. बैल बादलीला ढुशा देत राहिला.

पावसानं यंदा तोंड फिरवलंय. साळूमावशी आता साठीच्या पुढं आहेत, आणि पाथर्डीच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला जातात, खडी फोडायला. मी भाकरी बांधून तिथं गेले. तरटाच्या सावलीत बसून त्या हातोडी चालवत होत्या. बोटांना सायकलच्या ट्यूबची वेटोळी बांधलेली.

मी वहीचं सांगितलं. हातोडी थांबली नाही.

"छापू दे की," त्या म्हणाल्या. "शाहीर लई मोठा मानूस. माझ्यापायी आत गेला. माझी मुक्ता जगली ती त्येंच्यामुळं."

"पण मावशी, गाणं तुमचं आहे."

"तुला कुनी सांगितलं?"

"मामंजींनीच. जाताना."

तेव्हा हातोडी थांबली. मावशींनी पदरानं तोंडावरची धूळ पुसली, पुन्हा पुसली.

"म्हनले का ते? तोंडानं म्हनले?" आणि मग एकदम हसल्या. "आगं, मागं माझ्याच नातीच्या हळदीला म्या म्हनलं गानं. चुकून तोंडात 'साळू म्हणे' आलं. तर गल्लीतली एक सून मला म्हनती, आजी, इसरला तुमी, तितं रंगनाथ हाय. समद्या हासल्या. म्या बी हासले. काय करनार? परत पयल्यापास्नं म्हनलं, रंगनाथ घालून."

शेजारची बाई म्हणाली, "म्हना की आता."

त्यांनी हलक्या आवाजात शेवटचं कडवं म्हटलं. एकदा 'रंगनाथ' घालून, एकदा 'साळू' घालून. "बघ. शाहिराचं नाव चालीत मावत न्हाई. तितं आडकतंया. बायका ते गिळून म्हनत्यात. तीस वरसं गिळत्यात."

मी इतक्या वेळा ते गाणं म्हटलं होतं, आणि त्या जागी मीही अडखळले होते. मला वाटायचं, माझाच श्वास कमी पडतो.

"मला नाव नगं बाई," मावशी पुन्हा हातोडी उचलत म्हणाल्या. दोन दगड फोडून खाली बघूनच बोलल्या, "पर छापलं की मंग संपलं. मंग माझी मुक्ताबी म्हनंल, आई इसरली."

मी आबासाहेबांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, शांतपणे ऐकून घेतलं.

"सूनबाई, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"मौन होतं."

"मग आता लोक काय म्हणतील? घरातच भांडण आहे म्हणतील. शाहिरांचं नाव मातीत जाईल." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "बुधवारी शेवटचा फर्मा, म्हणजे ग्रंथाची शेवटची पानं, छपाईच्या यंत्रावर चढतोय. नगरला छापखान्यात सकाळी अकराला. शाहिरांच्या घरचं कुणी तिथं उभं राहून सांगितलं, तर अक्षरांचे खिळे बदलतील. माझ्या तोंडानं मी सांगणार नाही."

बुधवारी दिव्याची अवस होती. नगरची पहिली गाडी तिसगावला साडेसातला येते. पूजा आणि पोथी सोडली तरच ती मिळणार, दुसरीनं गेलं तर अकरा टळून जातील. चार दिवस मी हिशेब घालत होते, पूजा पहाटे उरकावी का, पोथी गाडीत वाचावी का. मग माझं मलाच कळलं, की मी पुन्हा नेमाच्या आड जागा शोधते आहे. त्या सकाळी मी गप्प राहिले ते देवासाठी नव्हतं. बोलायची भीती होती, आणि देवघर जवळ होतं.

बुधवारी उठून मी घरातले सगळे दिवे चिंचेनं घासले, पाटावर मांडले, एक लावला. पोथी कापडात बांधलेलीच राहू दिली. एका कागदावर मावशींनी म्हटलं तसं कडवं लिहिलं होतं, ते कनवटीला खोचलं आणि पायात वहाणा घातल्या.

हे दात घासत अंगणात उभे होते. "कुठं निघालीस?"

मी मान हलवूनही भागवलं असतं. "नगरला," मी म्हणाले. "मामंजींना कबूल केलंय."

यांच्या हातातली काडी खाली आली. मला वाटलं, आता ओरडतील. हे माझ्या तोंडाकडंच बघत राहिले.

"बोललीस?" शेवटी हे म्हणाले. "आज बोललीस?"

"होय. दिव्यात तेल बघा. मुलं उठली की त्यांना पाया पडायला सांगा."

हे वाटेतून बाजूला सरले. मी पदर डोक्यावरून घेतला आणि स्टँडकडच्या रस्त्याला लागले.