सात नंबरची पेशंट

सुनीतीने चार नंबरच्या पलंगावरच्या मुलीच्या धडधाकट हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी गुंडाळली, गाठ मारली आणि म्हणाली, "आता हसली तं दुसरा हात पण मोडीन."

मुलगी आणखीच हसली. शेजारच्या पलंगावर टायफॉइड झोपला होता, त्यापलीकडे पित्ताशयाचे खडे, आणि खिडकीजवळचं नवव्या दिवसाचं बाळंतपण चादरीखाली मोबाइल बघत होतं. सगळ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुली. अंगात हिरवे झगे, केस विस्कटलेले, टिकल्या काढून ठेवलेल्या. मान्यतेची तपासणी अकराला होती, वॉर्डात वीस पलंग होते आणि खरा पेशंट औषधालाही नव्हता.

रायपूरबाहेरच्या या खासगी नर्सिंग कॉलेजचा आणि त्याला जोडलेल्या दवाखान्याचा संसार असाच चालला होता. पलंग भरलेले दिसले नाहीत तर मान्यता जाणार, आणि मान्यता गेली तर चौथ्या वर्षाच्या चाळीस मुलींची शेवटची परीक्षा लटकणार. त्या चाळिसांत सुनीती मेश्राम होती. गुढियारीच्या रेल्वे क्वार्टरमधली, विद्यार्थिनी परिषदेची अध्यक्ष. आज कुणाला कोणता आजार द्यायचा ही यादी तिनेच केली होती. प्राचार्य प्रमोदिनी मॅडम चौथ्या वर्षाला वॉर्ड व्यवस्थापन शिकवत. यादी बघून त्यांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. "याला म्हणतात नेतृत्व," त्या म्हणाल्या होत्या, आणि खोटं कशाला सांगा, सुनीतीला बरं वाटलं होतं.

सात नंबरवर चेतना होती. पहिलं वर्ष, राजनांदगावची. कॉलेजात प्रत्येक सीनियरला एकेक नवी मुलगी वाटून दिलेली असे; सीनियर तिची मेंटॉर. दर महिन्याला भेटायचं, अडीअडचण विचारायची, रजिस्टरात लिहायचं. सुनीतीच्या वाट्याला चेतना आली होती. मागच्याच आठवड्यात सुनीतीने सहा महिन्यांच्या सहा भेटी एका बैठकीत लिहून काढल्या होत्या आणि अडचणीच्या रकान्यात सहाही वेळा 'काही नाही' असं टाकलं होतं. सगळ्याच सीनियर तसं करत.

यादी करताना चेतना समोरून गेली होती. डोळे पिवळट, ओठ पांढुरके, जिना चढून आली की कठड्याला टेकणारी.

"तुले तं मेकअप बी नाही लागत वं," सुनीती म्हणाली होती. "तू रक्तक्षय."

सगळ्या हसल्या होत्या. चेतनाही हसली होती. चार वर्षं माणसाचा चेहरा वाचायला शिकलेल्या मुलीने तो चेहरा बरोबर वाचला होता आणि त्याचा उपयोग हा असा केला होता.

आता साडेदहा वाजले होते. वर्षभर बंद असलेला एसी आज पाहुण्यांसाठी पूर्ण जोरात सोडला होता. कुणी मधेच उठू नये म्हणून सकाळी आठपासून पोरींना पाणीही बेतानेच दिलं होतं. सुनीती पट्टीचं पुडकं घेऊन पुढे सरकली तेव्हा चेतनाने तिचा एप्रन धरला.

"दीदी, हाथ-पैर बहुत दुख रहे हैं."

"छान करून राहिली. पण एवढं नोको, ओव्हर वाटते."

"एक्टिंग नहीं है, दीदी."

सुनीतीने तिचं मनगट धरलं. हात गार होता आणि कपाळ तापलेलं. नाडी बोटाखाली पळत होती. तिने पोटाच्या हालचालीवरून श्वास मोजले, मिनिटाला बत्तीस. तपासणीसाठी कालच आणलेलं ऑक्सिमीटर तिने चेतनाच्या बोटाला लावलं. आकडा नव्वदवर येऊन थांबला. पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर सुनीतीच्याच वळणदार अक्षरात अठ्ठ्याण्णव लिहिलेलं होतं.

"काहून सांगितलं नाही सकाळी? काय होते तुले?"

चेतनाने दोन्ही बाजूंच्या पलंगांकडे पाहिलं. तिच्या घरी मराठी बोलत, पण कॉलेजात ती नेहमी हिंदीतच उत्तर देई. आज पहिल्यांदा तिने घरच्या बोलीत तोंड उघडलं.

"मले सिकलिंग हाय."

"वाहक हायेस का पुरा आजार?"

"पुरा. एसएस."

सिकलिंग, म्हणजे सिकलसेल. हा आजार इकडे कुणाला नवा नव्हता. थंडी बाधली, अंगातलं पाणी कमी झालं, की रक्ताच्या वाकड्या पेशी बारीक नसांमध्ये अडकतात. आधी हाडं ठणकतात, मग छाती धरते, आणि छाती धरली की वेळ फार नसतो. परीक्षेत हे लिहून तिला दहापैकी नऊ मिळाले होते.

"प्रवेशाच्या टायमाले फिटनेसमध्ये लपवलं," चेतना धापा टाकत सांगत होती. "बाबा डॉक्टरच्या पाया पडले. दीदी, किसी को मत बताना. नाम काट देंगे. घरी परत गेली तं लग्न लावून देतीन माहं."

"नाही सांगत. चूप. बोलू नोको."

तिने दोन पलंगांवरच्या चादरी ओढून चेतनाच्या अंगावर घातल्या, ग्लासभर पाणी पाजलं. एसीचा रिमोट ऑफिसात होता. कोपऱ्यात ऑक्सिजनचं नवंकोरं सिलेंडर सील लावून उभं होतं, त्याची किल्लीही ऑफिसात होती. राउंडसाठी डॉक्टर म्हणून उभा केलेला शिशिर हा मॅडमचा भाचा. गळ्यात स्टेथोस्कोप होता खरा, पण तो दातांचा डॉक्टर. त्याने चेतनाकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाला, "इसको मेकाहारा भेजो यार, जल्दी." मेकाहारा म्हणजे शहरातलं मोठं सरकारी रुग्णालय. गाडीने पाऊण तास.

प्रमोदिनी मॅडम व्हरांड्यात फुलांच्या परड्या नीट लावत होत्या. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या जुन्या मराठी घराण्यातल्या त्या. कसलीही घाई असली तरी त्यांच्या मराठीची घडी मोडत नसे.

"मॅडम, चेतनाची तब्येत खरंच बिघडली. नव्वद सॅच्युरेशन आहे, उतरून राहिलं. मेकाहाराला न्यावं लागते."

मॅडमनी आधी घड्याळाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. "पथक लायब्ररीतून निघालंय. वॉर्ड बघतील आणि जातील. वीस मिनिटं, सुनीती. मग माझ्या गाडीतून पाठवते तिला."

"वीस मिनिटं नाही थांबता येत, मॅडम. निदान सिलेंडरची किल्ली द्या."

"सील तोडलं तर पुरवठादार परत घेणार नाही." हे बोलून त्या स्वतःच ओशाळल्या. मग आवाज उतरला. "मला काय हौस आहे का गं या सगळ्याची? अठरा वर्षं खऱ्या वॉर्डात काढली आहेत मी. पण पलंग रिकामा दिसला तर तुमचं चाळीसजणींचं वर्ष जाईल. उद्या त्यांच्या आईबापांना तोंड तू देणार आहेस का?"

सुनीतीच्या ओठांवर सिकलिंग हा शब्द आला होता. तो ऐकला असता तर कदाचित मॅडम हलल्या असत्या. पण दोन मिनिटांपूर्वीच तिने शब्द दिला होता, म्हणून तिने तो गिळला.

"तू लीडर आहेस ना?" मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मग सांभाळ."

ती परत आली तेव्हा आकडा शहाऐंशी होता. चेतनाचं बोलणं थांबलं होतं. नाकपुड्या फुलत होत्या आणि दर श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता. सुनीतीने तिला पाठीमागे उशा देऊन बसतं केलं, तिचे तळवे आपल्या तळव्यांत घेऊन चोळले. काय करायला हवं ते सगळं तिला पाठ होतं. ऑक्सिजन, सलाइन, ऊब, दुखणं थांबवणारं इंजेक्शन. त्यातली ऊब तेवढी तिच्या हातात होती, आणि तीही चादरींपुरती. ती पुन्हा तळवे चोळू लागली, आणि नेमकी त्याच वेळी दारात माणसं आली.

पथकात तिघं होती. पुढे पांढऱ्या केसांची, सुती साडीतली बाई होती; चालण्यावरूनच कळत होतं की हिचा जन्म वॉर्डात गेलाय. "बीस में बीस, मैम," प्रमोदिनी मॅडम हसून सांगत होत्या. बाई पहिल्या पलंगापाशी थांबल्या, तक्ता वाचला, पुढे सरकल्या. टायफॉइडने कण्हून दाखवलं. चार नंबरच्या मोडलेल्या हाताकडे बाईंनी जरा जास्तच वेळ पाहिलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना सगळं दिसत होतं, हे सुनीतीला त्या क्षणी कळलं. दिसत असूनही त्या फक्त फाइलमध्ये खुणा करत होत्या.

त्या सातव्या पलंगाशी आल्या. चेतनाने डोळे मिटले होते आणि दात आवळून श्वास आत दाबत होती. त्या अवस्थेतही पोरगी आपलं काम करत होती, बरी पेशंट दिसायचा प्रयत्न करत होती. चादरीखाली ऑक्सिमीटरवर ब्याऐंशी आलं होतं.

"रक्तक्षय," बाईंनी तक्ता वाचला. "नाड़ी अस्सी, सैचुरेशन अट्ठानवे. ठीक."

आणि त्या आठ नंबरकडे वळल्या.

अजून तेरा पलंग होते. मग चहा, मग सत्कार, मग निरोप. सुनीतीने मनात हिशेब केला. चाळीस मुली तिच्या डोळ्यांपुढे आल्या. पोरगी नर्स झाल्याचं आधीच अख्ख्या क्वार्टरला सांगून बसलेले तिचे वडील आले. मग ते सगळं बाजूला पडलं आणि फक्त तो गळ्याखालचा खड्डा उरला.

"मैम!"

तिचा आवाज इतका मोठा निघाला की बाळंतपण दचकून उठून बसलं.

"ये चार्ट झूठा है. मैंने कल शाम को लिखा है. सैचुरेशन बयासी है. ये लड़की सच में बीमार है."

बाईंनी चादर बाजूला केली. बोटाला लावलेल्या यंत्राकडे पाहिलं, मग नखांकडे, मग चेहऱ्याकडे. चष्मा काढून त्यांनी सुनीतीला विचारलं, "इस वॉर्ड में पेशंट कितने हैं?"

"एक."

"सुनीती," मॅडम अगदी हळू, मराठीत म्हणाल्या, "काय केलंस गं हे."

सुनीतीने चेतनाच्या पाठीमागची उशी वर सरकवली. मग चार नंबरच्या मुलीने मोडलेल्या हाताने चादर भिरकावली, उडी मारून खाली आली आणि सिलेंडर ढकलत आणू लागली. टायफॉइड स्टूलवर चढून एसीचं बटण शोधत होता. बाळंतपण खिडकीतून खालच्या ड्रायव्हरला ओरडत होतं, "नत्थू भैया, एंबुलेंस लगाओ!" एकेका पलंगावरून मुली उतरत होत्या, अनवाणी, हिरव्या झग्यांत, आणि वर्गात शिकवलेलं जे जे आठवेल ते करत होत्या. कुणी मास्क आणला, कुणी सलाइनचा स्टँड. बाईंनी फाइल रिकाम्या पलंगावर टाकली आणि शीर शोधायला स्वतः चेतनाचा हात धरला.

सिलेंडरची किल्ली प्रमोदिनी मॅडमनीच आणून दिली. त्या धावत गेल्या होत्या आणि धावतच आल्या होत्या. किल्ली सुनीतीच्या हातात ठेवून त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मेकाहाराच्या आकस्मिक विभागात दुपारची गर्दी होती. स्ट्रेचर कडेला लावून एका तरुण डॉक्टरने चेतनाच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवला आणि कपाळाला आठी घातली. वाटेत ऑक्सिजन लावल्यापासून ती थोडी शुद्धीवर आली होती. तिने सुनीतीची बोटं सोडली नव्हती.

"निमोनिया लग रहा है," डॉक्टर म्हणाला. "पहले से कोई बीमारी?"

चेतनाने मास्कच्या आतून मान हलवली. नाही. मग तिने सुनीतीकडे पाहिलं आणि बोटं इतकी आवळली की नखं रुतली.

आज सकाळपासून जे जे घालवायचं ते घालवून झालं होतं. कॉलेज गेलं, परीक्षा गेली, मॅडमही तोंड बघणार नाहीत. एवढी एकच गोष्ट तिने अजून सांभाळून ठेवली होती, आणि ती तिची स्वतःची नव्हती. डॉक्टर पेन धरून उभा होता.

"सिकलिंग है," सुनीती म्हणाली. "एसएस."

"अरे, तो पहले बोलना था ना!" तो वळला आणि रक्तासाठी, एक्स-रेसाठी, सीनियरसाठी ओरडत पडद्यापलीकडे धावला. दोन सिस्टर आल्या. स्ट्रेचर आत जायला निघालं.

चेतनाने हात सोडवून घेतला. मास्क तोंडावरून किंचित उचलला. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं.

"दीदी, अब मैं आपसे कभी बात नहीं करूँगी."

सुनीतीने मास्क पुन्हा नीट बसवला आणि स्ट्रेचरबरोबर चालू लागली.

"नोको करू," ती म्हणाली. "श्वास घे."