निळ्या पेन्सिलीची वाक्यं

आमच्या कॉमिकमधला घुबड्या चोरांच्या घरी चोरी करायचा, वर त्यांची हाडंही मोडायचा. चांगला म्हणावा तर पंचाईत, वाईट म्हणावा तर वाचक चिडायचे. दादा त्याला पेन्सिलीने काढायचा आणि मी शाई भरायचे. समासात दादा निळ्या पेन्सिलीने सूचना लिहायचा: "चिमे, सावली डावीकडे." "चिमे, नाक माझ्यासारखं करू नकोस." निळं छपाईत उमटत नाही, त्यामुळे ते फक्त माझ्यासाठी असायचं.

शेवटच्या वर्षी दादाने घुबड्याला मारायचं ठरवलं. मी म्हटलं, "चालत्या गाडीला खीळ कशाला?" शब्दाने शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं. तो वरच्या मजल्यावर, मी खाली. पानं वहिनी आणून द्यायची. शाई भरायची, पण त्याचं निळं अक्षर वाचायचं नाही, हा माझा ताठा. तो आजारी आहे हे ठाऊक होतं. इतका आहे हे नव्हतं. आठ महिन्यांनी वहिनी रिकाम्या हातांनी खाली आली.

आता घुबड्यावर भुताचा सिनेमा निघालाय. दिग्दर्शकाने त्याला माडीवर अडकलेला आत्मा केलंय. मूळ पानं त्याला वहिनीनेच दिली. आज त्याने मला शूटिंगला बोलावलं.

"काकू, माडीवरचे संवाद मी पानांवरूनच घेतलेत," तो म्हणाला. "ते निळ्या अक्षरातले. वाचताना काटा आला अंगावर!"

मला वाटलं, हा वेडा भुताच्या तोंडी 'सावली डावीकडे' घालतोय. हसूच आलं.

जिन्याच्या वरच्या टोकाला पांढराफटक रंग फासलेला नट उभा राहिला. "चिमे, आज हात उचलत नाही. रेघा वाकड्या आल्यात, सांभाळून घे." मग जरा थांबून, "तुझं खरं, चिमे. नको मारूया त्याला. एकदा वर ये ना."

त्या रेघा मीच सरळ केल्या होत्या, 'काम उरकतोय नुसता' म्हणून बोटं मोडत. आणि दादा गेला तो हेच समजून, की मी वाचूनही आले नाही.

"कट! झकास!" दिग्दर्शक वळला. "घाबरलात ना, काकू?"

"परत एकदा म्हणायला सांग रे," मी म्हटलं.

नट पुन्हा म्हणाला, "एकदा वर ये ना."

"आले रे दादा," म्हणत मी कॅमेऱ्यासमोरूनच जिना चढायला लागले.

"अहो काकू, थांबा!" खालून कुणीतरी ओरडलं. "वर खोली नाहीये, नुसती फळी आहे!"