पहिला बसणारा

"काका, काल तुम्ही अकरा वेळा नाशिकला निघालात," खिडकीबाहेर उभी राहून वही उघडत सृष्टी म्हणाली, "आणि एकदाही पोचला नाहीत."

सावळीरामने मांडीवरची निळी पिशवी घट्ट धरली. सिन्नरच्या स्टँडाबाहेर, योगेशच्या जीपमध्ये, खिडकीच्या जागेवर तो बसला होता. पिशवीत एक जुनी चादर होती आणि वर, दिसेल अशी, मेथीची जुडी. जुडी रोज ताजी लागे. प्रवासी बाकी काही बघत नाहीत, पण भाजी शिळी दिसली की माणसावरचा विश्वास उडतो.

सावळीरामचं काम बसण्याचं होतं. इथे जीपना नंबर नव्हता. जी आधी भरेल ती आधी सुटेल. आणि रिकाम्या जीपमध्ये कोणी चढत नाही, हे तीन गाड्यांचा मालक योगेश ओळखून होता. एक जण बसलेला दिसला की दुसरा बसतो, दोघं दिसले की चौघं येतात, आणि मग माणसं एकमेकांच्या पायावर पाय देत चढतात. गाडी भरत आली की सावळीरामने कपाळावर हात मारायचा, "आयला, कागद घरीच राहिला!" म्हणत उतरायचं आणि योगेशच्या पुढच्या गाडीत जाऊन बसायचं. दोन वर्षं तो कागद घरीच राहत होता. त्याआधी सावळीराम एका कारखान्यावर वॉचमन होता. कारखाना बंद पडला, पण बसण्याचा बावीस वर्षांचा अनुभव वाया गेला नाही. घरी त्याने 'कंट्रोलर झालो' असं सांगितलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

सृष्टी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. गर्दी कशी जमते, हा तिच्या प्रोजेक्टचा विषय. आठ दिवस ती चहाच्या टपरीवर बसून कोण कुठल्या जीपमध्ये चढतं ते टिपत होती.

"पोरी, बोंबलू नको. पोट हाय माझं त्याच्यावर."

"नाही हो काका. हे बघा तरी." तिने पान पुढे केलं. गोल म्हणजे जीप, ठिपका म्हणजे माणूस. कोण कोणाला बघून चढला, त्याच्या रेघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसत होतं. सगळ्या रेघा फिरून फिरून एका निळ्या ठिपक्यापाशी येत होत्या.

"हे तुम्ही. पाखरांचा थवा वळतो ना, तसंच आहे. वरून कोणी हुकूम देत नाही. प्रत्येक जण शेजारचा काय करतोय तेवढंच बघतो."

सावळीराम क्षणभर सुखावला. जन्मात त्याचं कोणी ऐकलं नव्हतं. घरचं कुत्रंसुद्धा नाही. आणि इथे अर्धा तालुका त्याच्यामागे वळत होता. मग त्याचं बोट कडेच्या एका गोलावर गेलं. त्यात दोनच ठिपके होते.

"ही पांढरी गाडी. ह्याचं काय चुकतं मग?"

"काही नाही. गाडी स्वच्छ, भाडं तेच. फक्त तिच्यात तुम्ही बसत नाही."

पांढरी गाडी सलीमची होती.

तीन वर्षांपूर्वी भर दुपारी सावळीरामच्या बायकोच्या, कुसाबाईच्या छातीत कळ आली, तेव्हा सलीमची जीप भरत आली होती. त्याने प्रवाशांना हात जोडून उतरवलं आणि नवराबायकोला नाशिकच्या दवाखान्यात नेलं. सावळीरामने भाडं पुढे केलं तर म्हणाला, "मामा, घरच्यांकडून भाडं घेत्यात का?" पुढे योगेशने माणूस बसवायला सुरुवात केली. तूही बसव, असं लोकांनी सलीमला सुचवलं. तो म्हणाला, "बसवून फसवायचं आपल्याला जमत नाय."

आज सकाळीच भाकरी बांधताना कुसाबाई म्हणाली होती, "सलीमभाईंची गुलजारबी भेटली. गाडी विकायला काढायची म्हणतेत. गिऱ्हाईकच बसंना म्हणे. तुम्ही तिथंच असता, तुम्हाला काय दिसतं का?"

"गर्दी असती. ध्यान राहत नाय," सावळीराम म्हणाला होता.

आता त्याने पिशवी उचलली आणि तो उतरला.

"ओ तात्या," योगेश दातांतल्या दातांत म्हणाला, "आत्ताशी चारच झालेत. कागद एवढ्यात कुठं आठवला?"

सावळीराम पांढऱ्या जीपमध्ये, ड्रायव्हरच्या मागे, खिडकीशी जाऊन बसला. मेथी वर काढली. सलीम स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता.

"मामा, गाडी चुकली तुमची."

"नाय चुकली."

पाच मिनिटं काही झालं नाही. मग एक बाई आली, सावळीरामकडे बघून चढली. तिच्यामागे दोघं. मग योगेशच्या जीपमधल्या चौघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकेक करून उतरून इकडे आले. टपरीवर परतलेल्या सृष्टीचं पेन धावत होतं. जीप गच्च भरली तेव्हा एक म्हातारा काठी टेकत दाराशी आला.

"हाय का जागा?"

सलीम आरशात बघून म्हणाला, "होईल, बाबा. आमचे मामा आता उतरतील. त्यांचा कागद राहिलाय घरी."

आवाजात राग नव्हता. वेळापत्रक सांगावं तसं त्याने सांगितलं. सावळीरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन वर्षं तो समजत होता, सलीम समोर बघतोय.

"आज घेतलाय कागद," तो पुटपुटला, आणि पिशवी पायाशी घेऊन, अर्ध्या कुल्ल्यावर सरकत त्याने म्हाताऱ्याला जागा केली.

मोहदरी घाटात त्याने मान पुढे काढली. "सलीम, गाडी विकू नको. मी बसत जाईन रोज तुझ्याकडं. फुकट. योगेशला सांगतो आजच."

"परवा बोलणं झालं, मामा. पंचवटीतला माणूस हाय. भाजी वाहायला घेतोय. वीस तारखेला चावी द्यायची."

घाट संपल्यावर सलीमने आरशात बघितलं.

"मामीची तब्येत?"

"बरी हाय आता."

"मग झालं."

नाशिकच्या द्वारका चौकात गाडी थांबली. सलीम खाली उतरून दाराशी उभा राहिला आणि उतरेल त्याच्याकडून भाडं घेऊ लागला. सावळीराम पिशवी सावरत उतरला. नाशिकला त्याचं काहीच काम नव्हतं. त्याने शंभराची नोट दोन बोटांत धरून पुढे केली. अगदी सैल, कोणाला हात मागे लोटायचा झाला तर सहज लोटता यावा अशी.

सलीमने नोट घेतली. उरलेले पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले.

"या, काका," तो म्हणाला, आणि मागच्या बाईकडे वळला. "तुमचं?"