सांध्यातला धूर

"अजून थोडा आत जा," लॉरीन नवऱ्याला म्हणाली. "खांद्यापर्यंत गेलास की झाकण लावते. सुटेन एकदाची."

वेंडेल कुबेना दुकानामागच्या अंगणात गुडघ्यांवर बसून मांस धुरावर भाजायच्या एका स्मोकरच्या पोटात डोकं घालून होता. आडवं लोखंडी पिंप, एका टोकाला धुराडं आणि दुसऱ्या टोकाला लाकडं जाळायची पेटी जोडलेली. त्याने पेटवलेली विजेरी आत ठेवली, झाकण लावलं आणि पिंपाभोवती वाकून वाकून चक्कर मारली. जिथून उजेड बाहेर येईल तिथून उद्या धूर येणार होता. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. कुठलीही वस्तू विकत घेताना तो आधी तिची गळती शोधायचा.

"स्वस्तातल्यांत हाच बरा," तो उठत म्हणाला. "झाकण नीट बसतंय. पेटीच्या सांध्याला मात्र फट आहे. आणि पत्रा फारच पातळ. जरा वारा सुटला की आतली ऊब गेली."

"मग जाड पत्र्याचा घे."

"तो आपल्याला परवडायचा नाही."

"मिल्टनचा परवडला असता," लॉरीन बोलून गेली आणि मग दुसरीकडे बघायला लागली.

मिल्टन रास्का गावातला वेल्डर. टेक्सासच्या त्या भागात परसात अशी भट्टी नाही असं घर शोधावं लागलं असतं, आणि त्यांच्या गावातल्या निम्म्या भट्ट्या मिल्टनने जुन्या तेलाच्या नळांतून नाहीतर गॅसच्या टाक्यांतून कापून घडवल्या होत्या. लोखंडाचे पैसे द्यायचे. मजुरी म्हणून पहिलं ब्रिस्केट, म्हणजे बैलाच्या छातीचं मांस, भाजून झालं की मिल्टनला जेवायला बोलवायचं. पण त्याचे हात थरथरायला लागले. गावच्या हॉलसाठी त्याने केलेली शेवटची भट्टी पहिल्याच दिवशी सांध्यातून धुरायला लागली. लोकांनी फटीत दोरखंड कोंबला, डोळे पुसले आणि मिल्टनच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, झकास झालीय. त्यानंतर त्याच्याकडे कुणी भट्टी सांगितली नाही. प्रत्येकाकडे काही ना काही सबब होती.

वेंडेलची सबब सगळ्यांत वाईट. नातीच्या बाप्तिस्म्याचं जेवण आपल्याच परसात करायचं असं त्याच्या मनात आलं, आणि नेमकं तेव्हाच चर्चबाहेर मिल्टन म्हणाला, "पोरा, हात आहेत तोवर तुला एक भट्टी करून देतो." वेंडेल घाबरला आणि बोलून गेला, "डॉक्टरनं मांस बंद केलंय. हृदयाचं काहीतरी आहे." तेव्हापासून मिल्टन दर रविवारी त्याच्या तब्येतीची चौकशी करायचा आणि स्वतःच्या मळ्यातली भेंडी पिशवी भरून द्यायचा. वेंडेलला भेंडीचा घास गिळवत नसे. लॉरीन ती मुकाट्याने तळायची आणि त्याच्याच ताटात वाढायची.

स्मोकर पिकअपमध्ये चढवून ते निघाले. लॉरीन म्हणाली, "वर ताडपत्री टाक." वेंडेल म्हणाला, "चोरीचा माल आहे का?" आणि ताडपत्री टाकली. ती पहिल्याच वळणावर अर्धी उडाली. पेट्रोल पंपावर तो ती पुन्हा बांधायला उतरला, तर पलीकडून मिल्टन टोपी सावरत येताना दिसला.

"हे काय रे पोरा? तुला तर मांस बंद ना?"

"जावयासाठी," वेंडेल म्हणाला. "ह्यूस्टनला न्यायचाय."

लॉरीनने गाडीची काच वर केली.

मिल्टनने ताडपत्री उचलली आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. "जावयाशी भांडण आहे का तुझं?"

"नाही. का?"

"मग असला फुटका डबा का देतोस त्याला? शेडवर आण. सांधा भरून देतो."

"कशाला त्रास..."

"त्रास कसला? महिनोन् महिने कुंपणाच्या फाटकांना बिजागऱ्या लावतोय मी."

वेंडेलने ताडपत्री पुन्हा बांधली. लॉरीन तिथेच उतरली. "मी चालत जाते," म्हणाली. नवऱ्याकडे मात्र तिने बघितलंही नाही.

शेडमध्ये मिल्टनने सांध्याभोवतीचा रंग घासून काढला, लोखंडी पट्टी कापली, फटीवर बसवली. मोजमाप एकदाच घेतलं आणि पट्टी चपखल बसली. डोकं शाबूत होतं, नजरही. वेल्डिंगची कांडी धरली आणि मग हात नाचायला लागला. वेंडेल प्रकाशाकडे पाठ करून उभा होता, पण आवाज ऐकून त्याला कळत होतं. सरळ टाका पडताना जी एकसुरी चरचर होते, ती मधेमधे तुटत होती.

मग पहिला जाळ. तो रिकाम्या भट्टीतच करायचा, आणि ज्याने लोखंड जोडलं त्यानेच पेटवायचा. लोखंड गंजू नये म्हणून मिल्टनने आतून डुकराची चरबी चोळली, पेटीत ओकची लाकडं रचली, काडी लावली. दोघं खुर्च्या टाकून बसले. उन्हं कलली होती. धुराड्यातून आधी पांढरा, मग विरळ निळसर धूर निघायला लागला.

"धुराची ओढ चांगली आहे," मिल्टन म्हणाला. तो सांध्याकडे पाठ करून बसला होता. "जरा सांधा बघ."

वेंडेल उठला. वाकायचीही गरज नव्हती. पट्टीच्या खालच्या अंगाने धुराचा एक बारीक धागा सरळ वर चढत होता. 'पक्का आहे' एवढंच म्हणायचं होतं. सगळं गाव तेच म्हणत आलं होतं, आणि ते म्हणताना आपण भले आहोत असंही प्रत्येकाला वाटलं होतं. त्यालासुद्धा.

"गळतोय," तो म्हणाला.

मिल्टन वळला नाही. "कुठं?"

"खालून. डाव्या अंगाला."

"हॉलच्या भट्टीसारखा?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोरखंड दिसतो रे मला. पाहिला तेव्हा वाटलं, आज नाही तर उद्या कुणीतरी म्हणेल. म्हटलं असतं तर तेव्हाच कापून पुन्हा जोडली असती. तेव्हा हात एवढे गेले नव्हते."

वेंडेलला आठवलं, त्या दिवशी मिल्टनच्या पाठीवर पहिली थाप त्यानेच मारली होती.

"जाळ विझव," मिल्टन म्हणाला.

लोखंड थंड होईपर्यंत दोघं बसून राहिले. मग मिल्टनने खालचा टाका घासून काढला, नवी कांडी लावली आणि म्हणाला, "जावयाला सांग, पातळ पत्र्याला जाळ लहान लागतो. लाकूड थोडं थोडं घालायचं. दर थोड्या वेळानं. आणि झाकण उघडून सारखं डोकावायचं नाही."

"सांगतो."

"नीट सांग. विसरेल तो."

"मिल्टन, ती भट्टी..."

"माझं मनगट धर," मिल्टन म्हणाला. "घट्ट नको. नुसता आधार दे. आणि मुखवटा एकच आहे, तू डोळे मीट."

त्याने मुखवटा खाली ओढला. वेंडेलने ते मनगट धरलं आणि डोळे मिटून तोंड फिरवलं. हाडांवर नुसती कातडी, आणि आत काहीतरी सतत थरथरत होतं. चरचर सुरू झाली. मिटल्या पापण्यांमागे सगळं लालभडक झालं. ठिणग्या त्याच्या हातावर बारीक बारीक चावत होत्या, पण त्याने हात हलवला नाही. मिल्टनचा हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला तेवढाच तो जात राहिला. मधे एकदा आवाज तुटला. दोघं थांबले, मिल्टनने श्वास घेतला, आणि जिथे तुटला होता तिथूनच पुन्हा सुरू केलं.